सांगलीहून आलेली चौथी तक्रार

पत्राचा सारांश: पुण्यातील एका मध्यम आकाराच्या वित्तसेवा कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून काम करणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांच्या कंपनीचे बचतीचे आणि छोट्या कर्जांचे मोबाइल ॲप आहे, आणि त्याच सेवांचे संकेतस्थळही आहे. सांगलीच्या एका अंध गृहस्थांनी, जे स्वतः बँकेत नोकरी करतात, या ॲपवर खाते उघडण्याचा प्रयत्न केला. ओटीपीच्या पानावरील बटणांना स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) वाचावीत अशी नावे नव्हती, आणि पुढे सेल्फी घेताना चेहरा चौकटीत कसा आणायचा हे ॲप बोलून सांगत नव्हते, त्यामुळे त्यांना ते जमले नाही. त्यांनी चार महिन्यांत चार तक्रारी केल्या. पहिल्या तिन्ही वेळा 'आमचा प्रतिनिधी तुमचा फॉर्म भरून देईल' असे उत्तर गेले. चौथ्या तक्रारीत त्यांनी लिहिले, 'तुमच्या माणसाने माझा फॉर्म भरावा असे मी कधीच म्हटलेले नाही. बटणाला नाव द्या, फॉर्म मी भरतो.' या भगिनींनी विषय बैठकीत मांडला, तेव्हा वरिष्ठांनी विचारले, 'आपल्या ग्राहकांत अंध किती आहेत?' आकडा कोणाकडेच नव्हता. मग तीन पर्याय पुढे आले. एक, काम पुढच्या आर्थिक वर्षात घ्यावे. दोन, संकेतस्थळावर 'एका ओळीच्या कोडने' सुलभता आणणारे एक तयार साधन वर्गणी भरून बसवावे. तीन, कंपनी सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून एका अंधशाळेला दरवर्षी मदत करतेच, ती वाढवावी. विशेष म्हणजे याच उद्योगसमूहाची दुसरी शाखा एका युरोपीय ग्राहकासाठी सुगम्यतेचे, म्हणजे सेवा दिव्यांगांनाही वापरता येईल अशी करण्याचे, हेच काम गेली दोन वर्षे करीत आहे. या भगिनी विचारतात: 'मी आग्रह धरावा का, की एका माणसासाठी सगळ्या टीमला वेठीला धरणारी असा शिक्का माझ्यावर बसेल? त्या गृहस्थांना दिव्यांग आयुक्तांकडे जाण्याचा मार्ग सांगितला तर तो कंपनीशी द्रोह होईल का? आणि तीन वर्षांपूर्वी या ॲपच्या पहिल्या आवृत्तीला मंजुरी मीच दिली होती, त्याचे मी काय करू?'

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातील शेवटचा प्रश्न तुम्हाला सर्वांत जड झाला आहे हे ओळींमधून जाणवते. तरीही मी सुरुवात तुमच्या वरिष्ठांच्या प्रश्नापासून करते, कारण बाकीचे सगळे त्याच्याच पोटातून निघाले आहे.

'आपल्या ग्राहकांत अंध किती?' हा प्रश्न ऐकायला हिशेबी आणि निरुपद्रवी वाटतो. पण ज्यांना खाते उघडताच आले नाही, ते तुमच्या ग्राहकांच्या यादीत सापडणार कसे? सांगलीचे ते गृहस्थ आजच्या हिशेबाने तुमचे ग्राहक नाहीतच, ते केवळ तक्रारदार आहेत. तुमच्या यंत्रणेत सेल्फीच्या टप्प्यापर्यंत येऊन किती जण परत गेले याची नोंद नक्की असेल. ते का गेले याची नसेल. त्या आकड्यात अंध असतील, हात थरथरत असल्याने फोन स्थिर धरू न शकणारे असतील, आणि नुसते कंटाळलेलेही असतील. २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती मोजल्या, त्यांपैकी साधारण २९ लाख ६० हजार महाराष्ट्रात. आणि ही मोजणी आठ प्रकारांची होती, तर त्यानंतर आलेल्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले आहेत.

हे आकडे बैठकीत जरूर सांगा, मात्र साऱ्या युक्तिवादाचा भार त्यांच्यावर टाकू नका. संख्या मोठी आहे म्हणून दार उघडायचे असे एकदा मान्य केले, की ज्यांची संख्या लहान आहे त्यांच्यासाठी ते बंद ठेवण्याची मुभाही आपण देऊन बसतो. याच कारणाने दुसरा एक लोकप्रिय युक्तिवादही मी जपून वापरते. ठळक अक्षरे मे महिन्याच्या उन्हात सर्वांनाच वाचता येतात, चित्रफितीखालचा मजकूर लोकलच्या गोंगाटात सर्वांनाच उपयोगी पडतो, मोतीबिंदू झालेल्या सासूबाईंनाही मोठे बटण बरे वाटते, हे सगळे खरे आहे, आणि त्याने एखाद्या वरिष्ठाचे मन वळत असेल तर सांगायला हरकत नाही. परंतु एखाद्या बटणाला स्क्रीन रीडरसाठी नाव दिल्याने डोळस ग्राहकाला काडीचाही फायदा होत नाही, आणि तरीही ते नाव द्यावेच लागते. तुमच्यापुढचा प्रश्न नेमका या जातीचा आहे.

आता त्या तीनदा गेलेल्या उत्तराकडे वळू. 'आमचा प्रतिनिधी फॉर्म भरून देईल' असे लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, आणि तुमच्या पत्रावरून दिसते की सुरुवातीला तुम्हालाही ते उत्तर पुरेसे वाटले होते. ते प्रत्यक्षात कसे उतरेल हे मात्र एकदा पाहा. प्रतिनिधी फोनवर नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक विचारणार. मग ग्राहकाच्या फोनवर ओटीपी येणार आणि तो त्याला प्रतिनिधीला सांगावा लागणार. तुमचीच कंपनी बाकीच्या ग्राहकांना 'ओटीपी कोणालाही सांगू नका, आमचा कर्मचारीही तो विचारत नाही' असे संदेश पाठवत असेल. डोळस ग्राहकाला जो धोका म्हणून सांगायचा, तोच अंध ग्राहकाला सोय म्हणून द्यायचा, असा हा प्रकार आहे, आणि स्वतः बँकेत काम करणाऱ्या माणसाच्या तो पहिल्याच उत्तरात लक्षात आला असणार. शिवाय फॉर्म एकदाच भरला जातो. शिल्लक रोज पाहायची असते, हप्ता दर महिन्याला भरायचा असतो. प्रत्येक वेळी तुमचा प्रतिनिधी धावून येणार आहे का?

हा वाद मोबाइलच्या आधीपासूनचा आहे. अंध ग्राहकाची फसवणूक होईल या काळजीपोटी त्याला चेकबुक आणि एटीएम कार्ड नाकारले जाण्याचे प्रकार आपल्याकडे घडत आले आहेत, आणि रिझर्व्ह बँकेला ४ जून २००८ रोजी परिपत्रक काढून सर्व बँकांना सांगावे लागले की चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज यांसारख्या सुविधा दृष्टिहीन ग्राहकांना कोणताही भेदभाव न करता दिल्या पाहिजेत. तेव्हा कागदावर जे मिळवले गेले, ते आपण आता नाव नसलेल्या एका बटणामुळे पुन्हा गमावतो आहोत.

अंधशाळेच्या देणगीचा पर्याय मला तिन्हींत सर्वांत विचित्र वाटतो, आणि त्यामागची समजूत तुमच्या एकट्याच्या कंपनीची नसल्यामुळे त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायला लावली, आणि तेव्हापासून 'कंपनीची सामाजिक जबाबदारी' हे शब्द त्या दोन टक्क्यांनाच चिकटून बसले. जणू उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर काही जबाबदारी नाही. त्याच कायद्याखालचे नियम असेही सांगतात, की कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. त्यामुळे स्वतःचे ॲप नीट करण्याचा खर्च त्या निधीत बसत नाही. आणि मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या निधीतून दिलेली देणगी ॲपमधल्या त्रुटीची भरपाई म्हणून दाखवता येत नाही. दोन्ही खाती वेगळी आहेत. तुमच्या कंपनीच्या मदतीने जी मुलगी आज त्या शाळेत संगणक शिकते आहे, ती काही वर्षांत अठराची होईल, तिच्या हाती शिष्यवृत्ती किंवा पहिला पगार येईल, आणि ती कदाचित तुमच्याच ॲपवर खाते उघडायला येईल. तिला त्या दिवशी काय ऐकू येणार आहे? जाता जाता एक सुचवते: शाळेतल्या त्या कार्यक्रमाची छायाचित्रे कंपनीच्या संकेतस्थळावर असतील, तर त्यांना पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते सांगणारे शब्द) दिला आहे का ते पाहून घ्या. नसेल, तर स्क्रीन रीडर तिथे 'चित्र' एवढेच म्हणेल, किंवा फाइलचा लांबलचक क्रमांक एकेक आकडा करून वाचेल. देणगी मात्र थांबवू नका. शाळेला ती हवीच असेल.

तयार साधनाबद्दल थोडक्यात. पहिली गोष्ट म्हणजे ते संकेतस्थळावर बसते, आणि तक्रार ॲपची आहे. दुसरी गोष्ट, कोपऱ्यात व्हीलचेअरचे चिन्ह दाखवणारी अशी साधने अक्षरे मोठी करतात, रंग बदलतात, काही ठिकाणी नावांचा अंदाज बांधतात. पण मुळात चुकीचे बांधलेले पान ती दुरुस्त करू शकत नाहीत, आणि पुष्कळदा ग्राहकाच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरच्या कामात अडथळा आणतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये ॲक्सेसिबी या कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले, ते आपले साधन कोणतेही संकेतस्थळ मानकांनुसार सुगम करते असा दावा केल्याबद्दल. ही एक ओळ तुमच्या वरिष्ठांच्या खरेदी विभागाला पुरेशी व्हावी.

कायद्याबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी तो तुम्हाला नीट माहीत असायला हवा. धमकावण्यासाठी नव्हे, तर 'हे तर सरकारी कार्यालयांसाठी आहे' असे कोणी म्हटले तर गप्प बसावे लागू नये म्हणून. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम ४६ मध्ये सेवा पुरवणारा सरकारी असो वा खासगी, त्याने सुगम्यतेच्या नियमांनुसारच सेवा दिली पाहिजे असे स्वच्छ म्हटले आहे. संकेतस्थळे, ॲप आणि इतर माहिती-तंत्रज्ञानासाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे आणि २०२३ मध्ये ते या कायद्याच्या नियमांत आले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच नियमांतील १५(१) हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा बंधन घालतो आणि नियम मात्र शिफारशीच्या सुरात बोलतो, असे न्यायालयाला दिसले, आणि किमान बंधनकारक निकष वेगळे काढण्यासाठी सरकारला तीन महिन्यांची मुदत देण्यात आली.

तुमच्या कामाला थेट लागू होतो तो ३० एप्रिल २०२५ चा, प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार हा निकाल. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका महिलेला केवायसी (ग्राहकाची ओळख पटवण्याची प्रक्रिया) करताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगण्यात आले, जी तिला शक्यच नव्हती; तिच्या याचिकेसोबत एका पूर्णतः अंध व्यक्तीची याचिकाही न्यायालयाने ऐकली. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे असे सांगून न्यायालयाने २० निर्देश दिले. कॅमेऱ्यासमोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे तपासण्यासाठी उघडझापेखेरीज इतर मार्ग असावेत, सुगम्यतेची तपासणी ठरावीक काळाने तज्ज्ञांकडून व्हावी, नवे ॲप वापरात आणण्यापूर्वीच्या चाचणीत अंध व्यक्तींचा सहभाग असावा, आणि नाकारला गेलेला केवायसी अर्ज माणसाने पुन्हा पाहावा, हे त्यांतले काही. सेल्फीच्या टप्प्यावर परत गेलेले तुमचे सांगलीचे गृहस्थ या निकालाच्या मध्यभागी उभे आहेत. दंडाची भीती मात्र कोणाला घालू नका. २०१६ च्या कायद्याच्या कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनासाठी दंड दहा हजार रुपयांपर्यंतच आहे, आणि पुन्हा उल्लंघन झाल्यास पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. पहिला आकडा ऐकून बैठकीत हशा पिकेल. नियामकापुढे जाऊन 'चार महिन्यांत चार तक्रारी आल्या, आणि आम्ही तीनदा एकच उत्तर पाठवले' हे सांगावे लागणे कोणत्याही वरिष्ठाला त्याहून महाग वाटेल.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ, कारण 'सगळे ॲप नव्याने बांधावे लागेल' ही भीती बहुतेक ठिकाणी कामाचे स्वरूप न पाहताच घातली जाते.

स्क्रीन रीडर पडद्यावरचे चित्र पाहत नाही. प्रत्येक घटकामागे कोडमध्ये लिहिलेले नाव, त्याचा प्रकार आणि त्याची स्थिती तो वाचतो. 'पुढे जा, बटण' असे ऐकू आले की अंध माणूस पुढे जातो. नुसते 'बटण' ऐकू आले की थांबतो. माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका आपला फोन इतक्या वेगाने ऐकतात की मला त्यातला एक शब्द कळत नाही, आणि वीजबिल माझ्याआधी भरून मोकळ्या होतात. पण ज्या पानावर ओळीने चार 'बटण' येतात, तिथे त्यांचा तो सगळा वेग निरुपयोगी ठरतो. बटणाला नाव देणे हे एका डेव्हलपरचे काही मिनिटांचे काम आहे. ओटीपीसाठी सहा वेगळ्या चौकटी काढण्याची फॅशन आहे, तिथे एकच साधी चौकट ठेवली तर निम्मा गोंधळ मिटतो. चूक झाल्यावर चौकट लाल होते, पण 'पॅन क्रमांक चुकला आहे' असे शब्दांत कुठे येत नाही, तेथे तो शब्द द्यायचा आणि स्क्रीन रीडर तो लगेच बोलेल अशी व्यवस्था करायची. ओटीपीची मुदत तीस सेकंदांची असेल तर ती वाढवायची किंवा वाढवून मागण्याची सोय द्यायची. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे. आपल्याकडे पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांची जी आवड बोकाळली आहे, ती या कसोटीवर बहुतेक वेळा नापास होते. ही सगळी कामे एक-दोन स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक छोट्या फेऱ्यांत) होणारी आहेत, आणि ती पुढच्या आर्थिक वर्षात ढकलण्याचे कारण मला दिसत नाही.

सेल्फीचे काम खरोखर अवघड आहे, आणि ते अवघड आहे हे बैठकीत मोकळेपणाने मान्य करा. चेहरा ओळखण्याचा तो भाग बहुधा तुमच्या टीमने लिहिलेला नसेल, बाहेरच्या कंपनीकडून घेतलेला असेल, आणि 'थोडे डावीकडे', 'फोन जरा वर धरा' असे त्याला बोलायला लावणे त्या कंपनीच्याच हाती असेल. इथे तुमच्या कंपनीची खरी ताकद खरेदीच्या करारात आहे. पुढच्या नूतनीकरणात आयएस १७८०२ चे पालन ही अट घाला, आणि पुरवठादाराला ती पाळता येत नसेल तर लेखी विचारा की कधी येईल. तोपर्यंत शाखेत किंवा घरी येऊन करण्याचा कागदी केवायसीचा मार्ग उघडा ठेवा, आणि तो मार्ग अस्तित्वात आहे हे ॲपच्या त्याच पानावर लिहा. हा तात्पुरता मार्ग आहे, आणि तात्पुरता कधीपर्यंत याची तारीख ठरवा.

एक गोष्ट मराठी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या प्रत्येक टीमने तपासावी, कारण परदेशी यादीत ती तुम्हाला ठळकपणे सापडणार नाही. पान मराठीत असले तरी कोडमध्ये त्याची भाषा पुष्कळदा इंग्रजी किंवा हिंदी अशी नोंदलेली असते. मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर परक्या उच्चारांत वाचतो, किंवा त्या भाषेचा आवाज देवनागरी ओळखत नसेल तर चक्क गप्प बसतो. 'चमचा' आणि 'चहा' यांतल्या 'च' चा फरक सोडाच, 'ळ' सुद्धा नीट ऐकू येत नाही. दुसरे दुखणे जुन्या फॉन्टचे. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या अटी-शर्तींची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण स्क्रीन रीडरला त्यात रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग दिसतो. स्कॅन केलेल्या परिपत्रकाचे तर नुसते छायाचित्र असते. कर्जाच्या अटी न वाचता सही करणारे डोळस लोक पुष्कळ आहेत हे खरे, पण त्यांना वाचण्याची संधी असते.

मी अंधत्वाबद्दलच लिहीत राहिले, कारण तुमची तक्रार ती आहे. तुमच्या ग्राहक सेवेशी संपर्काचा एकमेव मार्ग फोन असेल, तर कर्णबधिर ग्राहकाचे काय होते, आणि व्हिडिओवरच्या केवायसीत अधिकारी तोंडी प्रश्न विचारतो तेव्हा काय होते, हेही याच बैठकीत विचारून घ्या.

आग्रह कसा धरावा, हा तुमचा पहिला प्रश्न. माझे म्हणणे असे, की सादरीकरणाच्या स्लाइड बाजूला ठेवून पुढच्या बैठकीत अर्धा तास मागा. कंपनीच्या एका अँड्रॉइड फोनवर सेटिंगमधून टॉकबॅक (फोनमधलाच स्क्रीन रीडर) सुरू करा, पडदा झाकून ठेवा, आणि वरिष्ठांना स्वतःच्या ॲपवर खाते उघडायला सांगा. बोट उजवीकडे सरकवले की पुढचा घटक वाचला जातो, दोनदा टिचकी मारली की तो दाबला जातो, एवढे शिकायला दोन मिनिटे लागतात. संकेतस्थळासाठी माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटर या कळांनी तोच प्रवास करा. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो. एक काळजी मात्र घ्या. नवख्या माणसाची धडपड पाहून 'अरेरे, बिचारे कसे जगत असतील' असा सूर लागण्याचा धोका असतो, आणि तसा सूर लागला की चर्चा पुन्हा अंधशाळेच्या देणगीकडे घसरते. त्याच फोनवर एखादे नीट बांधलेले ॲपही लगेच चालवून दाखवा, म्हणजे फरक माणसाच्या डोळ्यांत नसून तुमच्या कामात आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही.

त्यानंतर सरावलेल्या अंध आणि अन्य दिव्यांग वापरकर्त्यांकडून रीतसर चाचणी करून घ्या. मुंबईत नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) ही संस्था १९५२ पासून आहे, सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र आहे. अशा ठिकाणी चौकशी केली तर माणसांपर्यंत पोहोचता येईल. त्यांना मानधन द्या. तुमच्या टीममधील टेस्टरला तुम्ही चहा पाजून परत पाठवत नाही. स्वयंचलित तपासणीची साधने चालवायला हरकत नाही, पण ती त्रुटींचा काही भागच पकडतात: चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही हे त्यांना कळते, तो मजकूर खरा आहे की नाही हे कळत नाही.

तुमच्या समूहाच्या दुसऱ्या शाखेचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, आणि मला तर तो साऱ्या पत्राचा कणा वाटतो. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला, ग्राहकांसाठीची बँकिंग सेवा आणि ऑनलाइन खरेदी त्यात येतात, आणि म्हणून तुमचेच सहकारी तिकडच्या ग्राहकासाठी प्रत्येक बटणाला नाव देत आहेत. म्हणजे कौशल्य आहे, अनुभव आहे, तपासणीच्या याद्याही तयार आहेत. 'आपल्याकडे हे जमणारे लोक नाहीत' हे कारण तुमच्या वरिष्ठांना वापरता येणार नाही. त्या शाखेतील एका अनुभवी व्यक्तीचा महिन्याभराचा अर्धा वेळ मागणे, ही तुमची पहिली लेखी मागणी असू द्या. लेखी यासाठी म्हणते, की त्यावर तारीख राहते. त्याची एक प्रत विधी विभागालाही द्या.

'वेठीला धरणारी' या शिक्क्याबद्दल: टीमला वेठीला धरले जाते ते काम तयार झाल्यावर शेवटी सुगम्यता आठवते तेव्हा. ती डिझाइनच्या पहिल्या पानात आणि 'काम पूर्ण' म्हणण्याच्या निकषांत घातली, तर पुढच्या प्रत्येक रिलीजमध्ये तिचे ओझे जाणवण्याइतके राहत नाही. तरीही शिक्का बसू शकतो, हे मी नाकारत नाही. एकटीने बोलू नका. चाचणी विभागातील आणि ग्राहक सेवेतील एकेक जण सोबत घ्या. त्या तीन उत्तरांवर ज्यांची नावे गेली, त्यांनाही तो प्रकार फारसा रुचला नसेल.

द्रोहाबद्दल माझे मत तुमच्याइतके डळमळीत नाही. कंपनीची अंतर्गत कागदपत्रे, बैठकीतील बोलणी बाहेर देऊ नका. ती तुमच्या विश्वासाची बाब आहे. परंतु दाद मागण्याचे मार्ग कोणते आहेत हे ग्राहकाला सांगणे यात फोडण्यासारखे गुपितच नाही. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे, केंद्रीय मुख्य आयुक्त दिल्लीत आहेत, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील संस्थेने ३० दिवसांत तक्रारीचे समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्याच लोकपालाकडे जाता येते. तुमची कंपनी त्या लोकपाल योजनेत येत असेल तर ही माहिती तिने आपणहून द्यायला हवी. त्यामुळे चोरून फोन करून सांगू नका. अधिकृत उत्तरातच ती घालण्याची सूचना मांडा. वरिष्ठांनी नकार दिला, तर तो लेखी घ्या. सांगलीच्या गृहस्थांना हे मार्ग माहीत नसतील असे समजणेही, क्षमा करा, थोडे वरून पाहण्यासारखे आहे. त्यांनी चार वेळा तुमच्याकडेच लिहिले, ते बहुधा आधी तुम्हाला संधी द्यावी म्हणून.

तीन वर्षांपूर्वीच्या तुमच्या मंजुरीचे काय करावे? ज्या यादीवर तुम्ही खूण केली, तिच्यात ही ओळच नव्हती, आणि तुमच्या शिक्षणात, प्रशिक्षणात ती कोणी शिकवली नव्हती. हे कारण आहे. पूर्ण सुटका नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही विचारले. बैठकीत हे स्वतःच आधी सांगून टाका: 'पहिली आवृत्ती मी मंजूर केली, तेव्हा मी हे तपासले नव्हते.' त्याने वरिष्ठांना बचावाच्या पवित्र्यातून बाहेर यायला वाट मिळेल, कारण मग चर्चा कोणाची चूक या प्रश्नावर अडणार नाही. राजीनाम्याचा विचार तुम्ही एका ओळीत केला आहे. तो इतक्यात नको. तुम्ही गेलात तर ती चौथी तक्रार ज्याच्या टेबलावर जाईल, त्याला ती पहिली वाटेल.

असेच पत्र ज्यांच्या मनात आहे पण ज्यांची कंपनी पाच माणसांची आहे, त्यांच्यासाठी एवढेच: तयार मंचावर दुकान मांडले असेल तर साधी, मानक बटणे आणि चौकटी वापरा, वस्तूंच्या चित्रांना मजकूर द्या, दरपत्रक चित्रात न देता अक्षरांत द्या, आणि सुगम्यतेबद्दल तक्रार करण्यासाठी एक ईमेल पत्ता ठळक लिहा. आणि जे वाचक सांगलीच्या गृहस्थांच्या जागी आहेत, त्यांनी तक्रारीत फोन, ॲपची आवृत्ती, स्क्रीन रीडरचे नाव आणि नेमके कोणत्या पानावर काय ऐकू आले ते लिहिले, तर 'आम्हाला समजले नाही' हे उत्तर देणे कंपनीला कठीण जाते.

राहिले ते चौथ्या तक्रारीचे उत्तर. ते या आठवड्यात, कोणत्याही बैठकीची वाट न पाहता जायला हवे. मी असे लिहीन: 'आपण सांगितलेल्या दोन्ही त्रुटी आम्ही तपासल्या आणि त्या खऱ्या आहेत. आधीची तीन उत्तरे आपल्या प्रश्नाची नव्हती, त्याबद्दल दिलगीर आहोत. ओटीपीच्या पानावरील बटणांची दुरुस्ती अमुक तारखेच्या आवृत्तीत येईल. सेल्फीच्या टप्प्यासाठी आम्ही पुरवठादाराशी बोलत आहोत. तोपर्यंत आपली इच्छा असल्यास कागदी केवायसीचा मार्ग उपलब्ध आहे. नवी आवृत्ती प्रसिद्ध होण्याआधी आपण ती तपासून पाहाल का? त्या कामाचे मानधन कंपनी देईल. समाधान न झाल्यास दाद मागण्याचे मार्ग खाली दिले आहेत.' तारखेची जागा मोकळी सोडू नका, जी पाळता येईल तीच घाला. आणि हे उत्तर लेटरहेडवर छापून, सही करून, स्कॅन करून पाठवू नका. ईमेलमध्ये साध्या युनिकोड मजकुरात लिहा.